बरे झाले, पण कशावरून?

कर्करोगावर संशोधन करायचे आहे, असे सांगणारे विद्यार्थी आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात भेटतात. जनुक-संपादन, इम्युनोथेरपी, कार-टी हे शब्द त्यांच्या बोलण्यात सहज येतात. विज्ञान प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर एखाद्या वनस्पतीचा अर्क किंवा चांदीचे अतिसूक्ष्म कण काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी कशा मारतात, याची रंगीत चित्रे असतात. ही उत्सुकता खरी आहे आणि ती जपलीच पाहिजे. भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक लोकांना नव्याने कर्करोग होतो आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने दगावतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे. घरात किंवा शेजारात हा आजार पाहिलेल्या मुलाला त्याच्याशी झुंजावेसे वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या उत्सुकतेला आपण एकच दार उघडून देतो, नव्या औषधाचे. त्याच्याआधी दुसरे एक दार लागते. रुग्ण बरा झाला तो या उपचारामुळेच, हे कशावरून? हा प्रश्न नीट विचारता येणे हेच कर्करोग-संशोधनाचे पहिले शिक्षण आहे. ते प्रयोगशाळेआधी, अगदी बारावीपासून सुरू व्हायला हवे. आणि या प्रश्नाची उत्तम उत्तरे जिथे मिळाली, त्यांपैकी काही ठिकाणे आपल्याच परळला आणि मराठवाड्यात आहेत.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत किती मोठी असते, ते आधी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगासाठी एक शस्त्रक्रिया रूढ केली. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकल्या जात. जितके जास्त कापू तितका रोग मुळापासून जाईल, हे ऐकायला पटण्यासारखे होते, आणि पटले म्हणून पाऊणशे वर्षे ते चालले. स्त्रियांचे खांदे खचले, हात सुजले, श्वास घेतानाही छाती ओढली जाऊ लागली. बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९७१ मध्ये सोळाशेहून अधिक स्त्रियांवर चाचणी सुरू केली. कोणाला मोठी शस्त्रक्रिया आणि कोणाला लहान, हे डॉक्टरच्या मनावर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यातही दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. १९९० च्या दशकात तीच चूक उलट्या अंगाने झाली. स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपीची मात्रा अतोनात वाढवून नंतर मूळपेशी परत देण्याचा उपचार अमेरिकेत हजारो स्त्रियांनी घेतला; काहींनी तो मिळावा म्हणून विमा कंपन्यांना न्यायालयात खेचले. १९९९ मध्ये चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले गेले तेव्हा जोहान्सबर्गच्या वर्नर बेझवोडा यांची चाचणी वगळता कुठेच फायदा दिसेना. पुढच्या वर्षी अमेरिकन डॉक्टरांचे पथक तिथल्या नोंदी तपासायला गेले, आणि फायदा दाखवणारी ती चाचणीच खोटी निघाली. या दोन्ही गोष्टींत डॉक्टर निर्दय नव्हते आणि रुग्ण भोळे नव्हते. पटण्यासारखी कल्पना आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतले अंतर मोजायची घाई मात्र कोणाला नव्हती.

हे अंतर सहज दिसत नाही, म्हणूनच ते शिकवावे लागते. ‘लवकर निदान झाले तर जीव वाचतो’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते तपासून पाहायचे सुचतच नाही. समजा, एका स्त्रीचा कर्करोगाने साठाव्या वर्षी मृत्यू होणार आहे. गाठ सत्तावन्नाव्या वर्षी लक्षात आली तर निदानानंतर ती तीन वर्षे जगली, अशी नोंद होईल. नव्या तपासणीत तीच गाठ बावन्नाव्या वर्षी सापडली आणि मृत्यू साठाव्याच वर्षी आला, तर नोंद आठ वर्षांची होईल. आकडा तिपटीच्या जवळ गेला, पण आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. आजाराची जाणीव मात्र पाच वर्षे आधी आली. दक्षिण कोरियात हे सगळ्या देशाच्या पातळीवर घडले. तिथे सोनोग्राफीने थायरॉईड तपासून घेण्याची लाट आली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान सुमारे पंधरा पटींनी वाढले. त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्यांच्या गाठींनी कदाचित जन्मभर त्रास दिला नसता, अशा असंख्य लोकांची थायरॉईड ग्रंथी काढली गेली. हे उदाहरण बारावीतल्या विद्यार्थ्यालाही कळते. त्यासाठी बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित लागत नाही.

मग लवकर निदान निरुपयोगी म्हणायचे का? तसे मुळीच नाही, आणि याचा पुरावा मुंबईतल्या वस्त्यांमधून आलेला आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग श्रीमंत देशांत पॅप तपासणीने आटोक्यात आला. पण त्या तपासणीला प्रयोगशाळा, काचपट्ट्या वाचणारे तज्ज्ञ आणि अहवाल घ्यायला पुन्हा येणारी बाई, हे सगळे लागते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वेगळा मार्ग धरला. गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातले व्हिनेगर, कापसाच्या बोळ्याने लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि दिव्याच्या उजेडात नीट पाहायचे. बिघडू लागलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो, निरोगी भाग गुलाबी राहतो. हे पाहण्याचे काम दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी केले. खरा कस पुढे होता. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या वस्त्या दोन गटांत वाटल्या. एका गटात दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या गटाला आजाराची माहिती देण्यात आली. ‘किती गाठी सापडल्या’ किंवा ‘निदानानंतर किती वर्षे जगल्या’ हे प्रश्न शास्त्रींच्या गटाने मुख्य मानले नाहीत. या आजाराने किती जणी मेल्या, हे त्यांनी मोजले. तपासणीच्या गटात ते मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. साठाव्या वर्षाच्या त्या स्त्रीचे कोडे या मोजणीपुढे उरत नाही, कारण मृत्यूची तारीख मागे-पुढे करून नोंद फुगवता येत नाही.

विद्यार्थ्यांनी मात्र इथेच थांबू नये, कारण पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात परिचारिकांनी हीच व्हिनेगरची तपासणी एकदाच केली आणि मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांची चाचणी सुरू झाली. गावांचे ५२ समूह करून त्यांचे चार गट पाडले: एका गटाला व्हिनेगरची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला एचपीव्ही विषाणूची तपासणी आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. तिथे एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यूत खात्रीने म्हणता येईल एवढी घट झाली नाही. एचपीव्ही तपासणीच्या गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. तीच बाटली, तीच पद्धत, तरी एका जिल्ह्यात यश, दुसऱ्यात जवळपास काहीच नाही, आणि तिसरीकडे चार फेऱ्यांनंतर यश. का? पाहणारीच्या प्रशिक्षणात फरक होता की स्त्रियांच्या वयात, की डाग सापडल्यानंतर किती जणी उपचारापर्यंत पोचल्या यात? यावर तज्ज्ञांमध्ये आजही एकमत नाही. एखाद्या तपासणीला सरसकट ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ म्हणता येत नाही. कोणासाठी, कोणाच्या हातून आणि किती वेळा, हे विचारावे लागते. ते शिकवायला या तीन निकालांपेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. हा धडा आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. कर्करोगाची व्याख्या, कारणे, बायॉप्सी, किरणोत्सार आणि केमोथेरपी ही नावे तिथे येतात. ती खरी कशी ठरली, हे येत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता कामा नये. तपासणीने जीव वाचू शकतात असा अंदाज असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातले मृत्यू मोजणे नैतिक आहे का? परदेशांतल्या आणि भारतातल्याही काही टीकाकारांनी या चाचण्यांना हाच प्रश्न विचारला. तो बिनमहत्त्वाचा आहे असे मला वाटत नाही. तुलना गटाच्या बाजूने सांगता येते ते असे: त्या काळी त्या भागांत अशी तपासणी होतच नव्हती, आणि तिथे कुठली तपासणी उपयोगी ठरेल हे कोणालाही माहीत नव्हते. उस्मानाबादच्या निकालानेच ते दाखवून दिले. व्हिनेगरवर अंदाजाने विसंबून सगळ्या जिल्ह्याला एकच फेरी दिली असती, तर काम झाले अशा समाधानात एचपीव्ही तपासणीकडे वळायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. पण हे उत्तर अर्धेच आहे. तुलना गटातल्या बायकांचे ऋण तेव्हाच फिटते, जेव्हा सिद्ध झालेली तपासणी पुढे त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोचते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्यांचे प्रमाण देशभरात दोन टक्क्यांच्याही खाली होते. चाचणीत दोष होता असे मानणाऱ्यांना आणि न मानणाऱ्यांना, दोघांनाही या आकड्याने अस्वस्थ व्हायला हवे.

दुसरा आक्षेप तरुणांकडूनच येतो. हे सगळे मोजणी-तुलनेचे काम झाले. खरे संशोधन तर पेशीच्या आत चालते, आणि तुम्ही आम्हाला तिथून बाहेर खेचता. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. फिलाडेल्फियात १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि पीएचडीचा विद्यार्थी असलेला डेव्हिड हंगरफर्ड रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. नॉवेल यांनी काचपट्ट्या नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या. त्या पाण्याने पेशी फुगल्या आणि गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होऊन दिसू लागली. क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमियाच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आहे, हे हंगरफर्डला दिसले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी दाखवले की तो तुकडा हरवलेला नाही, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले आहेत. त्या जोडणीतून बनणारे बिघडलेले प्रथिन सापडले, ते बंद पाडणारे रसायन सापडले, आणि २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध बाजारात आले. जो आजार काही वर्षांत माणसाला संपवत असे, तो रोज एक गोळी घेऊन दशके आटोक्यात राहू लागला. विद्यार्थ्याची एक नजर आणि त्यानंतर एक्केचाळीस वर्षे! शिवाय इमॅटिनिबचा परिणाम इतका ठळक होता की पहिल्या छोट्या चाचणीतही तो लपला नाही. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. असा परिणाम कळायला तुलना गट लागत नाही, हेही मान्य करावे लागेल.

पण इमॅटिनिबसारखी औषधे विरळा असतात. कर्करोगाच्या उपचारांत आपण पुढे सरकलो आहोत ते बहुतेक वेळा शंभरातल्या तीन-चार रुग्णांच्या फरकाने, आणि असा फरक कोणाही डॉक्टरला आपल्या दवाखान्यात डोळ्यांनी दिसत नाही. टाटा स्मारकच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांवर सुमारे सोळाशे स्त्रियांवर एक चाचणी केली. स्तनाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटे गाठीच्या भोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन द्यायचे. दंतवैद्य हिरडी बधिर करायला वापरतात, त्याच औषधाचे. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला धक्का बसतो, त्यावर पेशींची जी प्रतिक्रिया होते ती थोपवली तर रोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण कमी होईल, ही कल्पना. पाच वर्षांनंतर इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. शंभरात जेमतेम चार जणी. पण भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९० हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो. त्यांतल्या शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्यांना हे चार टक्के लावून पाहिले की आकडा हजारांत जातो. हे निकाल जगात आणखी तपासले जातील आणि तपासले जावेतच. एका चाचणीवर सगळे थांबू नये. पण लिग्नोकेनवर आता कोणाचा पेटंटचा नफा नाही, म्हणून कुठल्याही कंपनीने ही चाचणी केली नसती. डोके आणि मानेच्या कर्करोगासाठी निव्होलुमॅब हे महागडे इम्युनोथेरपीचे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी देऊन पाहण्याची चाचणीही टाटा स्मारकमध्येच झाली. स्वस्त गोळ्यांच्या उपचारात हे औषध मिळवल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ‘कमी मात्रा पुरेल का?’ हा प्रश्न औषध विकणारा विचारत नाही. तो विचारायला ज्याला ते औषध परवडत नाही अशा रुग्णासमोर बसलेला डॉक्टर लागतो, आणि तुलना कशी करावी हे तो शिकलेला असावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, हे गरिबांसाठी केलेले दुय्यम दर्जाचे संशोधन झाले. तसे नाही. कमी कापून तेवढेच आयुष्य देता येते, हे फिशर यांनी श्रीमंत अमेरिकेतच सिद्ध केले होते आणि आज जगभर तेच केले जाते. आणि आपल्याकडे अत्याधुनिक संशोधन होत नाही असेही नाही. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढून, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारे जनुक घालून त्या पुन्हा शरीरात सोडण्याचा कार-टी उपचार पवईच्या आयआयटी मुंबईत आणि टाटा स्मारकच्या खारघर केंद्रात विकसित झाला. पवईच्या प्रयोगशाळेत पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी आपली उमेदीची वर्षे दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेत तीन-चार कोटींच्या घरात जाणारा हा उपचार इथे ३० ते ४० लाखांच्या आसपास उपलब्ध झाला. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. प्रकाशित झालेल्या चाचणीत, परिणाम मोजता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ३७ जणांना फायदा झाला. ज्यांच्यावरचे इतर उपचार थकले होते, अशा रुग्णांत हा आकडा मोठा आहे. तरीही विद्यार्थ्याने विचारावे: हा परिणाम किती वर्षे टिकतो? तुलना गट नव्हता, मग कशाशी ताडून पाहायचे? कोणत्या रुग्णांवर तो लागू पडला नाही, आणि का? हे प्रश्न विचारल्याने पवईतल्या त्या तरुणांचे काम लहान होत नाही. त्यांनीही रोज हेच प्रश्न विचारले असणार.

या प्रश्नांची सवय नसली की काय होते, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसले. द्राक्षांत सापडणारे रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांच्या मिश्रणाची शंभर रुपयांची गोळी कर्करोग पुन्हा होऊ देत नाही, अशी बातमी देशभर पसरली. संशोधन गांभीर्याने चाललेले होते, पण हाती होते ते उंदरांवरचे प्रयोग आणि माणसांवरचे छोटे अभ्यास. गोळी घेतल्याने माणसांत कर्करोग परत येत नाही, हे दाखवणारी मोठी तुलनात्मक चाचणी नव्हती. बातम्यांच्या मथळ्यांत हा फरक उरला नाही, आणि किती घरांत आशेने औषधाच्या दुकानात चौकशी झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. प्रयोगशाळेतले आशादायक निकाल टिकतातच असे नाही, हे संशोधकांनाही मोठी किंमत मोजून कळले आहे. ॲमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ महत्त्वाचे मानले गेलेले अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्यांपैकी सहाच जसेच्या तसे उभे राहिले. २०१२ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. ज्या मुलांनी आपल्या तक्त्यावर ‘कर्करोगाच्या पेशी मेल्या’ असे लिहिले आहे त्यांना हा आकडा कळायला हवा. बशीतल्या पेशी मारणाऱ्या पदार्थांची यादी फार लांब आहे. त्याच मात्रेत शेजारच्या निरोगी पेशींचे काय झाले, हे त्यांच्या तक्त्यावर असावे.

राहता राहिला वेळेचा आणि साधनांचा आक्षेप. नीटच्या धबडग्यात आणि अपुऱ्या प्रयोगशाळांत हे कसे बसवायचे? खरे तर यासाठी प्रयोगशाळा लागतच नाही. भारतात २००९ पासून नवी वैद्यकीय चाचणी सुरू करण्याआधी तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते, आणि ती नोंदवही कोणालाही उघडून वाचता येते. तिच्यात एक रकाना असतो: चाचणीत मुख्यतः काय मोजणार. जीवशास्त्राच्या शिक्षकाने वर्गाला अशी एक जुनी नोंद द्यावी, त्याच चाचणीचा प्रकाशित निबंध शेजारी ठेवावा आणि विचारावे, जे मोजू म्हटले होते तेच मोजले का? मृत्यू मोजायचे होते आणि अखेरीस गाठीचा आकार मोजला, असे तर झाले नाही ना? संख्याशास्त्राच्या शिक्षकाला याच वर्गात बोलवावे. एमबीबीएसच्या मुलांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांत एका तालुक्यापुरता एक प्रश्न नक्कीच तपासून होतो. असे काम इथे नवे नाही. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. माणसे दवाखान्यात येत नाहीत म्हणून कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगावी जाऊन कोणाला काय झाले याची विचारपूस करून नोंद करत. काही वर्षांनी असे दिसले की या जाण्या-येण्याने बायका आधीच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. त्याच तालुक्यांतल्या आणि धाराशिव जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांत आज जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलींनी, दोन टक्क्यांहून खाली राहिलेल्या त्या तपासणीच्या आकड्याचे आपल्या गावात काय झाले, हे घरोघरी विचारायला सुरुवात करावी.